दोन धडाक्यांची आगाऊ खबर

माझं काम एका वाक्यात सांगायचं तर असं आहे: अनोळखी माणसाला फोन करायचा, आपलं नाव सांगायचं आणि म्हणायचं, परवा सकाळी तुमच्या डोक्यावर आकाशात मोठा धडाका होणार आहे, घाबरू नका. काही जण फोन आपटतात, काही हसतात, आणि एका आजोबांनी तर अगदी शांतपणे विचारलं होतं की मी कुठल्या चर्चकडून बोलते आहे.

सिडनीतल्या आमच्या मराठी मंडळात माझी ओळख ‘रॉकेटवाली सुजाता’ अशी आहे. हॅरिस पार्कला मिठाईच्या दुकानात रांगेत उभी असले तरी कुणीतरी मागून विचारतं, "काय मग, यान सुखरूप?" मी हो म्हणते आणि अर्धा किलो काजूकतली मागते. खरं सांगायचं तर यान मी जन्मात पाहिलेलं नाही. मी पॅरामॅटाच्या ऑफिसात चौथ्या मजल्यावर हेडसेट लावून बसते, आणि यान उतरतं ते तिथून हजार-दीड हजार किलोमीटरवर, साउथ ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात. वॉलॉंगॉंगच्या युनीत, म्हणजे विद्यापीठात, मी आले ती ध्वनिशास्त्र शिकायला. डिग्री मिळाली, पण नोकरी मिळाली ती वीज कंपनीच्या कॉल सेंटरमध्ये. ‘उद्या नऊ ते तीन तुमची वीज जाईल’ हे मी कित्येक वर्षं लोकांना सांगत होते. त्यामुळे यानाच्या कंपनीत ही नोकरी निघाली तेव्हा, ध्वनीतली चार अक्षरं कळणारी आणि शिव्या ऐकायची सवय असलेली बाई त्यांना दुसरी मिळाली नसावी.

आता धडाका कसला, ते सांगते. आमच्या यानात माणसं नसतात. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीएवढी एक कुपी असते, ती काही महिने पृथ्वीभोवती फिरते, आत औषधांचे वगैरे प्रयोग चालतात आणि शेवटी ती पॅराशूटने खाली येते. पॅराशूट उघडण्याआधी ती आवाजाच्या कितीतरी पट वेगाने येत असते. पॅरामॅटा नदीत फेरीबोट जाताना पाहिली असेल. फेरी पुढे निघून जाते आणि मग तिची लाट काठाला येऊन आपटते. काठावर पाय सोडून बसलेल्याची पॅण्ट भिजते तेव्हा फेरी वळणापलीकडे गेलेली असते. तसंच हे आहे. कुपी पुढे गेलेली असते आणि तिने दाबलेली हवा मागाहून जमिनीवर येऊन आदळते. धड-धड, लागून दोन. काहींना एकच ऐकू येतो. तावदानं थरथरतात, कुत्री पलंगाखाली जातात, आणि तेवढ्यावर संपतं.

लोकांना एक गोष्ट पटता पटत नाही. हा आवाज यान उतरतं तिथेच होतो असं नाही. यानाच्या वाटेखालच्या लांबलचक पट्ट्यात तो पडतो. म्हणजे ज्यांना यान दिसणारही नाही, त्यांनाही मला फोन करावा लागतो. त्या पट्ट्यात माणसं थोडी आहेत. दोन शेजाऱ्यांच्या घरांत साठ-सत्तर किलोमीटरचं अंतर, आणि तरी ती एकमेकांना शेजारीच म्हणतात. आवाजाने माणसाला काही होत नाही. पण त्या क्षणी माणूस काय करतो आहे यावर सगळं असतं. तो शिडीवर असेल, पवनचक्कीच्या मनोऱ्यावर चढलेला असेल, मेंढी कातरत असेल. म्हणून आमचे प्रत्येकाला चार फोन असतात. आठवडाभर आधी पहिला, आदल्या दिवशी दुसरा. तिसरा त्याच सकाळी, तेव्हा वेळ अगदी मिनिटापर्यंत पक्की झालेली असते. आणि चौथा सगळं पार पडल्यावर, की झालं, आता कामाला लागा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका बाईंना कोंबड्यांची काळजी. अंड्यातलं पिल्लू बहिरं निघेल का, असं त्यांनी मला तीनदा विचारलं. एका गृहस्थांच्या मुलीचं लग्न नेमकं त्याच सकाळी होतं, ते म्हणाले यान एक दिवस पुढे ढकला. मी म्हटलं, सर, ते ताशी हजारो किलोमीटर वेगाने फिरतंय. ते म्हणाले, मग थांबवा. आणखी एक जण आवाज ऐकू आलाच नाही म्हणून संतापले. सकाळपासून खुर्ची टाकून बसलो होतो, तू मला शब्द दिला होतास, म्हणाले. त्यांची माफी मागताना मला हसू आवरत नव्हतं.

या सगळ्यांत माझी लाडकी होती मॉरीन. सत्तरी ओलांडलेली, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, पट्ट्याच्या ऐन मधोमध तिचं मेंढ्यांचं आणि घोड्यांचं रान. सोबत तिची चाळिशीची मुलगी ट्रेसी. ट्रेसी घोडे तयार करायची, म्हणजे पाठीवर कधी कुणाला न घेतलेल्या घोड्याला माणसाची सवय लावायची. मॉरीनशी मी कधी पाच मिनिटांत बोलून मोकळी झाले नाही. ती मला सू म्हणायची, नाहीतर आपण बाळ म्हणतो तसं ‘लव्ह’. पाऊस किती कमी, गुडघे किती दुखतात, ट्रेसी कशी ऐकत नाही, हे सगळं सांगून झाल्यावर ती म्हणायची, "बरं लव्ह, आता तुझा धडाका सांग."

आणि आता माझी खोड सांगते, कारण मंडळाच्या अंकासाठी हा लेख त्या खोडीपायीच लिहायला घेतला आहे. टूनगॅबीच्या हॉलमध्ये आमच्या मंडळाचा कार्यक्रम साडेपाचला असला की पत्रिकेत पाच छापतात. मी काही वर्षं मंडळाची सचिव होते आणि ही अर्ध्या तासाची युक्ती माझ्या चांगलीच अंगवळणी पडलेली. हातचं राखून सांगितलेलं बरं, असं माझं मत. पहिलं यान उतरायचं होतं त्या सकाळी मी यादी पुन्हा पुन्हा वाचत होते. कुणाला घोडा बांधायला पाच मिनिटं उशीर झाला तर? कुणी फाटक लावायला गेला आणि परतायला वेळ लागला तर? धडाका दहाला होणार होता. मी सगळ्यांना साडेनऊ सांगितले. कुणालाही विचारलं नाही. साहेबाला सांगितलं नाही. धडाका दहाला झाला, सगळे घरात होते, सगळे सुखरूप. माझा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या यानाच्या वेळी धडाका आठचा होता. मी साडेसात सांगितले.

पकडली गेले ती टोनीमुळे. टोनीचा हायवेवर पेट्रोल पंप आणि खानावळ आहे. त्याने ‘धडाका ऐकत ब्रेकफास्ट करा’ अशी पाटी लावून दोन बसभर म्हातारे प्रवासी बोलावले होते. साडेसातला सगळे बाहेर माना वर करून उभे राहिले. वीस मिनिटांनी बस ड्रायव्हर कंटाळले आणि प्रवाशांना घेऊन निघून गेले. आठला धडाका झाला तेव्हा अंगणात टोनी एकटा होता. त्याने आमच्या ब्रेटला, म्हणजे माझ्या साहेबाला, फोन करून जे काही सुनावलं ते ब्रेटने मला सौम्य करून सांगितलं.

"सुज, मेट, तू अर्धा तास आधीची वेळ दिलीस?"

"सेफ साइडला," मी म्हटलं.

"आपण वेळ ठरवत नाही. आपण ती फक्त सांगतो. यापुढे नेमकी, ओके?"

"ओके," मी म्हटलं. तो कॉफी आणायला गेला. त्याच्या लेखी विषय संपला.

पण संपला नव्हता, आणि हे मला त्याच क्षणी कळलं होतं. ज्यांना मी दोनदा अर्धा तास आधीची वेळ दिली होती त्यांना आता एक वाक्य सांगणं भाग होतं: आजवर मी तुम्हाला वेळ आधीची देत होते, यापुढे खरी देईन. टोनीला ते सांगितलं, कारण त्याला कळलेलंच होतं. बाकीच्यांना सांगायचं म्हणजे आपण होऊन कबूल करायचं की मी थापा मारल्या. मी यादी समोर ठेवली आणि मनाशी म्हटलं, पुढच्या फोनला सांगू. पुढच्या यानाला काही महिने होते.

तिसऱ्या यानाचा पहिला फोन मी मॉरीनला केला तेव्हा ते वाक्य माझ्या ओठांवर होतं, हे मी शपथेवर सांगते. पण ती आधीच बोलायला लागली. ट्रेसीने नवी तांबडी घोडी आणली होती, फार बुजरी, कागद फडफडला तरी उधळणारी. मग मॉरीन म्हणाली, "तुला सांगते सू, फोन कंपनीवाले, पाण्याचे ट्रकवाले, सगळे सांगतात एक आणि करतात भलतंच. तू एकटीच अशी आहेस की म्हटलेल्या दिवशी फोन करतेस." मी थँक यू म्हटलं. ते वाक्य गिळलं. माझा लोभ किती क्षुल्लक होता ते बघा. कधी न भेटलेल्या एका म्हातारीने मला भरवशाची म्हटलं, ते मला गमवायचं नव्हतं.

आदल्या दिवशीचा फोन ट्रेसीने घेतला, घाईत होती. त्या सकाळी तिसरा फोन. धडाका नऊला. मी मॉरीनला सांगितलं, "नऊ, तुमच्याकडची वेळ." ती म्हणाली, "नऊ. ओके लव्ह, नऊ." फोन ठेवला आणि यादीतला पुढचा नंबर लावला.

यान व्यवस्थित आलं. नऊ वाजून वीस मिनिटांनी मी चौथे फोन सुरू केले. कोंबडीवाल्या बाई, टोनी, सगळे खुशीत. मॉरीनचा फोन वाजत राहिला. आधी वाटलं, बाहेर असेल. दहा मिनिटांनी पुन्हा लावला. मग पुन्हा. ती फोन उचलत नाही असं कधी झालंच नव्हतं. बाकीची यादी संपली आणि मी नुसती त्या एका नंबरवर बोट ठेवून बसले. घरी मुलीला, रेवाला, उगाच मेसेज केला. तिचं उत्तर आलं, "मम, रिलॅक्स. इट्स नॉट युवर स्पेसशिप." ब्रेट आणि बाकीचे केक कापत होते. मला बोलावलं, मी हात हलवून आलेच म्हटलं आणि गेले नाही.

पावणेबाराला मॉरीनने फोन उचलला.

"डॉक्टरांचं विमान आत्ताच गेलं," ती म्हणाली. "ट्रेसीला घेऊन. मला नाही नेलं, जागा नव्हती. शेजारी येतोय मला न्यायला."

"काय झालं?"

"घोडी उधळली. कुंपणावर फेकलं तिला."

आणि माझ्या तोंडातून पहिला प्रश्न काय यावा? ट्रेसी शुद्धीवर आहे का, ती बोलते आहे का, हे नाही. मी विचारलं, "किती वाजता?"

"नऊला," ती म्हणाली. "तू सांगितलंस तेव्हाच." आणि फोन ठेवला.

त्या प्रश्नाची लाज मला आजही वाटते. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ना, तसं माझं झालं होतं. नेमकं काय बिघडलं ते माझ्या डोक्याला अजून कळलं नव्हतं, पण तोंडाला कळलं होतं.

पुढचे दिवस मी कसे काढले ते मिलिंदला विचारा. माझा नवरा तसा शांत माणूस, पण तोही म्हणाला, "तू जेव तरी." ट्रेसीच्या कमरेचं हाड आणि मांडीचं हाड मोडलं होतं, आतून रक्तस्राव झाला होता. ॲडलेडच्या हॉस्पिटलात दोन ऑपरेशनं झाली. पहिले तीन दिवस ती जगते की नाही हेच सांगता येत नव्हतं. ब्रेट रोज हॉस्पिटलात फोन करायचा आणि येऊन मला सांगायचा. तो केबिनमधून उठलेला दिसला की मी हेडसेट काढून ठेवायची. चौथ्या दिवशी धोका टळला असं कळलं आणि मी ऑफिसच्या बाथरूममध्ये जाऊन रडले.

मग चौकशी. आमचे सगळे फोन रेकॉर्ड होतात. साउथ ऑस्ट्रेलियाचं घड्याळ सिडनीच्या अर्धा तास मागे असतं, त्यामुळे पहिला संशय असा की मी सिडनीची वेळ दिली असणार. ब्रेटने माझ्यासमोर रेकॉर्डिंग लावलं. माझा आवाज, स्पष्ट: नऊ, तुमच्याकडची वेळ. मॉरीनचा आवाज: नऊ. ओके लव्ह, नऊ.

"देअर यू गो," ब्रेट म्हणाला. "तुझी काहीच चूक नाही."

"परत लाव," मी म्हटलं.

त्याने परत लावलं. मॉरीन दुसऱ्यांदा ‘नऊ’ म्हणते त्याच्या आधी ती हसते. अगदी बारीक, नाकातल्या नाकात. आपल्याच माणसाची खोड ओळखून हसतात तसं. त्या सकाळी पुढच्या नंबरच्या घाईत मला ते ऐकू आलं नव्हतं. आता आलं. ब्रेटला त्यात काही वाटलं नाही. तो अहवाल लिहायला बसला. सूचना योग्य वेळेची, योग्य रीतीने दिली गेली, जागेच्या मालकिणीने ती पाळली नाही. शुक्रवारी तो अहवाल मॉरीनला पोस्टाने जाणार होता.

ते हसू मला झोपू देईना. आमच्या मंडळात पत्रिकेवर पाच छापतात हे लोकांनाही पाठ असतं, आणि म्हणून कुणी पाचला येत नाही. एक वर्षी नव्या अध्यक्षांनी खरोखर पाचला पडदा उघडला तर हॉलमध्ये फक्त कलाकारांचे नवरे होते. हे सगळं मला ठाऊक असताना, मॉरीन माझ्यापेक्षा शहाणी असेल हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही? बुधवारी मी रजा टाकली आणि ॲडलेडचं विमान पकडलं.

मॉरीन वॉर्डाबाहेर बाकावर बसली होती. आवाजावरून मी तिला धिप्पाड समजत होते. ती माझ्या खांद्याला लागेल एवढीच होती, आणि हातात ट्रेसीचे बूट घेऊन बसली होती. मी नाव सांगितलं. तिने बाजूला सरकून जागा दिली.

"ट्रेसी झोपली आहे," ती म्हणाली. मग जरा वेळाने, मी काही न विचारताच, "तू पहिल्यांदा साडेनऊ म्हणालीस, दहाला झाला. दुसऱ्यांदा साडेसात म्हणालीस, आठला झाला. बरोबर अर्धा तास. मला वाटलं, ही सू आम्हाला सांभाळून सांगते. मला गंमत वाटली त्याची. या वेळी ट्रेसी घोडी बांधायला निघाली होती. मी म्हटलं, अगं थांब, अजून अर्धा तास आहे, तिला थोडी फिरव. मी म्हटलं तिला. माझ्या तोंडाने."

ती रडत नव्हती. बुटाची नाडी बोटाला गुंडाळत होती आणि सोडत होती.

"तू तर बरोबर वेळ दिली होतीस," ती म्हणाली. "मीच अतिशहाणी."

आता नुसतं गप्प बसायचं होतं. रेकॉर्डिंग माझ्या बाजूचं, अहवाल माझ्या बाजूचा, आणि ही बाई स्वतःहून सगळं आपल्या डोक्यावर घेत होती. मूग गिळून बसले असते तर आज हे लिहिण्याची वेळ आली नसती. मी म्हटलं, "मॉरीन, तुझा हिशोब बरोबर होता. मी दोन्ही वेळा मुद्दाम अर्धा तास आधीची वेळ दिली होती. साहेबाने बंद करायला सांगितलं, मी बंद केलं. पण तुला ते सांगितलं नाही. पहिल्या फोनला सांगणार होते. तू मला भरवशाची म्हणालीस आणि मला लाज वाटली."

तिने नाडी सोडली. "मुद्दाम?"

"हो."

"आणि तुला माहीत होतं की सांगायला हवं."

"हो."

तिने बूट उचलून पलीकडच्या बाजूला ठेवले. मला वाटलं ती ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं. "तू आता जा, लव्ह," ती म्हणाली. ‘लव्ह’ तिच्या तोंडात बसलेलं होतं म्हणून आलं, माझ्यासाठी नव्हे. मी गेले.

गुरुवारी सकाळी ब्रेटच्या टेबलावर मी सगळं लिहून ठेवलं, दोन पानं. त्याने वाचलं, टक्कल खाजवलं आणि म्हणाला, "हे तू दिलं नसतंस तर कुणालाही कळलं नसतं." मी म्हटलं मॉरीनला कळायला हवं होतं. अहवाल बदलला. मला लेखी समज मिळाली आणि ती रास्त होती. नोकरी गेली नाही. ब्रेटचं म्हणणं, ही चूक तू पुन्हा करणार नाहीस. त्याच्याइतकी खात्री मला माझ्याबद्दल नाही. आता आमच्याकडे नियम आहे की सांगण्याच्या पद्धतीत काहीही बदल झाला तर फोनवरचं पहिलं वाक्य तेच असलं पाहिजे. नव्या मुलींना मी तो शिकवते तेव्हा त्या मान डोलावतात आणि लिहून घेतात. नियम आला कुठून हे त्यांनी कधी विचारलं नाही.

पुढचं यान यायला वर्ष गेलं. तेवढ्या काळात मॉरीनला मी दोन पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. मॉरीनच्या आसपासची घरं दुसऱ्या मुलीकडे दिली तरी तिचा नंबर मी माझ्याकडेच ठेवला. पळ काढायचा तर हॉस्पिटलातच काढायचा होता, तेव्हा काढला नाही. त्या सकाळी तिसरा फोन केला. फोन ट्रेसीने उचलला.

"मी सुजाता."

"माहीत आहे."

"मागच्या यानापासून आम्ही वेळ नेमकीच देतोय. दहा वाजून चार मिनिटं. तुमच्याकडची वेळ."

"खरी दहा चार की तुझी दहा चार?"

"खरी."

"मग फोन ठेवू नकोस," ती म्हणाली. "होईपर्यंत थांब."

तेव्हा साडेनऊ वाजले होते. चौतीस मिनिटं मी कानाला हेडसेट लावून बसले. तिकडे किटली उकळली. खुर्ची सरकली. काठी टेकत कुणीतरी स्वयंपाकघरातून दारापर्यंत गेलं आणि परत आलं, एक पाऊल जड, एक हलकं. माझ्या टेबलावरच्या घड्याळात मी त्यांची वेळ लावून ठेवली होती. दहा वाजून दोन झाले तेव्हा मला वाटलं, यान आजच उशीर करणार, आणि मी आयुष्यात पुन्हा या बाईला तोंड दाखवू शकणार नाही.

मग झालं. फोनवर तो धडाका नव्हताच, पत्र्याचा डबा आपटल्यासारखा खरखरता आवाज, पाठोपाठ दुसरा, आणि तावदानांची थरथर. ट्रेसीचा श्वास एकदम आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. मी तिचं नाव घेतलं.

"आहे," ती म्हणाली. "दहा चार."

"ट्रेसी, आय ॲम सॉरी."

"तुझी पत्रं वाचली मी. आईने नाही वाचली." काठी कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. "ती अजून म्हणते, थांब म्हणून मीच सांगितलं. मी तिला शंभरदा सांगून झालं. ऐकत नाही. आज धडाक्याची वेळ झाली तशी मेंढ्यांच्या शेडमध्ये जाऊन बसली, कानावर हात ठेवून. पुढच्या वेळी फोन तिला घ्यायला लावणार आहे. तिलाही असंच होईपर्यंत फोनवर धरून ठेव."

मी हो म्हटलं. मी हॉस्पिटलात खरं सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं की ओझं तिच्या खांद्यावरून उतरवून मी माझ्यावर घेतलं. माझ्यावर ते आलं, हे खरं आहे. तिच्यावरचं तसूभरही कमी झालं नव्हतं.

हा अंक तुमच्या हाती पडेल तोवर पुढचं यान उतरलेलं असेल. लिहिते आहे तेव्हा ते यायला सहा दिवस आहेत. काल पहिला फोन केला. मॉरीननेच घेतला. पाऊस नाही, गुडघे नाहीत, फक्त "कोणत्या दिवशी?" एवढंच म्हणाली. मी सांगितलं, मंगळवारी. ती म्हणाली, "बरं." मंगळवारची माझी बाकीची यादी मी दुसरीकडे देऊन टाकली आहे. मला फक्त एकच फोन करायचा आहे, आणि तो लागल्यावर काय बोलायचं हे मला अजून सुचलेलं नाही.